लाल रुपया

आमच्या ह्यांना रिटायर झाल्यावर नाण्यांचं वेड लागलं. आमच्या बडोद्यात, फतेगंजमधल्या एका हॉलात महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, नाणी जमवणारे लोक भेटत. हे तिथे वर्षानुवर्षं मागच्या खुर्चीत बसून येत. एकदा तरी पुढे जाऊन आपलं नाणं दाखवावं, चार लोकांनी ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा. पण दाखवण्यासारखं काही जवळ असेल तर ना! मला त्यांची दया यायची, आणि जेवण गार व्हायचं म्हणून रागही यायचा.

एका वर्षी दसरा झाला, घट उठले, देवाची भांडी घासून मी ओट्यावर लावून ठेवली. बाजूच्या, पूजेतल्या सुपारी-नाण्यांच्या वाटीत हात घालून हे ओरडलेच. वाटीतला एक रुपया लालभडक होता.

"अगं, हा तांब्याचा आहे! टांकसाळीत चुकून तांब्याच्या चकतीवर रुपया छापला गेलाय!"

"कुंकू लागलं असेल," मी म्हटलं.

"तुला त्यातलं काय कळतंय?"

साबणाने धुतला तरी रुपया लालच. मग काय, कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीभर बातमी. समोरच्या गुजराती काकी येऊन त्या रुपयाला चक्क हात जोडून गेल्या. ह्यांनी लग्नातला कोट उन्हात टाकला आणि रविवारी मला आग्रहाने स्कूटरवर मागे बसवून नेलं.

ह्यांनी सुरुवात केली ती थेट बडोदा संस्थानच्या टांकसाळीपासून. रुपयापर्यंत पोचले तेव्हा लोकांचा चहा संपला होता. पण ऐकत होते सगळे. इतकं खूश मी ह्यांना मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

अध्यक्ष म्हणजे एक वयस्कर गुजराती गृहस्थ. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि जवळ धरलं. रुपया टक्कन चिकटला.

"तांबुं चोंटे नहीं, भाई," ते हळूच म्हणाले.

तांबं काही लोहचुंबकाला चिकटत नाही; रुपया वरून लाल असला तरी आत पोलादच होतं. आणि लोहचुंबक लावून बघायचं ज्यांना सुचलं नाही त्यांचा जन्म गेला प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात, लोखंडाशी झुंजण्यात!

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "बेन, घरमां तांबानो लोटो छे?"

"छे ने! घटस्थापनेचा कलश."

"शेनाथी मांजो छो?"

तांबं कशाने घासता, असं कुणी विचारलं की मला राहवत नाही. "आंबली ने मीठुं! आखी रात पलाळी राखुं छुं," चिंच-मिठात रात्रभर भिजवायची माझी रीत मी ऐटीत सांगितली, "कलशातला रुपयासुद्धा त्यातच..." आणि मी जीभ चावली.

कलशाचं तांबं चिंचेच्या पाण्यात उतरलं होतं आणि रुपयावर जाऊन बसलं होतं. नाणं टांकसाळीत बिघडलं तर दुर्मिळ, घरी बिघडलं तर रुपयाच, असं अध्यक्षांनी समजावलं. हॉल हसला. मला मात्र हसू येईना, कारण ह्यांचे कान त्या रुपयाइतके लाल झाले होते.

घरी आल्यावर ह्यांनी कोट पुन्हा ट्रंकेत घातला. पुढचे भेटीचे रविवार घरीच काढले. जेवण गरम गरम वाढता येत होतं, तरी मला फार वाईट वाटायचं.

पुढच्या नवरात्रात मी कलश मांडायला बसले आणि सुटा रुपया सापडेना. ह्यांनी कपाट उघडलं, कापसात जपून ठेवलेला लाल रुपया आणून माझ्या हातावर ठेवला.

"हा घाल," म्हणाले. "देव काही लोहचुंबक लावून बघत नाही."