दोन नामं, एक ‘टू’ आणि पडद्यामागची मी

आमच्या नाकाडोंगरीच्या घरात मोबाइलला नेटवर्क येतं ते फक्त समोरच्या खोलीत, खिडकीपाशी. म्हणून त्या सकाळी नातीने तांदळाच्या कोठीवर पातेली पालथी घातली, त्यांना मोबाइल टेकवला आणि मला म्हणाली, "आजी, तू सैपाकखोलीत बस. पडदा ओढून घे. अन् एक शब्दही बोलायचा नाई."

"मी कायले बोलू?"

"शपथ घे."

"घेतली."

"कोणाची?"

"तुह्या आज्याची."

आज्याला जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या नावाची शपथ मोडली तरी ते येऊन जाब विचारत नाहीत, म्हणून मी नेहमी त्यांचीच घेते.

तुमसरच्या एका इंग्रजी शाळेत शिक्षिकेची जागा निघाली होती. आधी मोबाइलवर धडा शिकवून दाखवायचा, मग पुढचं. पोरगी हुशार, बी.एड. झालेली, पण कोणी परीक्षा घ्यायच्या नजरेने पाहिलं की हिचा आवाजच जातो. आधीच्या दोन मुलाखतींत तेच झालं होतं. त्या सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "आज अटकली तर मी शिकवायचं नाव घेणार नाई. मामाच्या दुकानात बसीन नागपूरले. तिथं बोला नाई लागत. मोबाइलचे कव्हर दाखवले का झालं." रडत म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. पण ती अगदी शांतपणे म्हणाली, आणि चहाचा पुढचा घोट घेतला.

शाळेने धडा दिला होता इंग्रजी व्याकरणाचा. काही नामांच्या मागे ‘टू’ लावून क्रियापद येतं. अशी दोन नामं ‘अँड’, ‘ऑर’, ‘बट’ने जोडायची कशी, ते शिकवायचं. नोकरीत असताना मीही हे शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे काय, कडक इस्त्रीचं पातळ नेसून, खांद्याला पिन लावून फळ्यावर लिहायची: नाउन, अधिक टू, अधिक व्हर्ब. पोरं उतरवून घ्यायची आणि मला वाटायचं, झालं, इंग्रजी पोचवलं या जंगलाकाठच्या गावापर्यंत. खरंच कोणी साहेब दारात येऊन इंग्रजीत पाणी मागता, तर ही बाई खाटेखाली शिरली असती.

नातीची रीत वेगळी. तिने धान पाखडायचं सूप भिंतीला उभं केलं आणि त्यावर कागदाचे तुकडे चिकटवले. आपण म्हणतो ‘परत यायचं वचन’. आधी काय करायचं ते, मग वचन. इंग्रजी उलटं चालतं. आधी वचन हातावर ठेवतं, मग कशाचं ते सांगतं: अ प्रॉमिस टू रिटर्न. दोन नामं असली तर दोघांना आपापलं ‘टू’चं शेपूट: अ प्लॅन टू गो अँड अ प्रॉमिस टू रिटर्न. पण शेपूट एकच असेल तर दोघांत मिळून एक पुरतं: द टाइम अँड द पेशन्स टू टीच. शिकवायला लागणारा वेळही आणि धीरही. सुपावरचे तुकडे ती इकडचे तिकडे सरकवायची आणि समोर विद्यार्थी म्हणून मी बसायची. चार-आठ दिवसांत अख्खा धडा मला पाठ झाला. घात तिथेच झाला.

कारण माझी जुनी खोड. आमच्या झाडीपट्टीत मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, दिवसांत नाटकं होतात, आणि आमच्या नाटकातला प्रॉम्प्टर नुसता विसरलेला शब्द सुचवत नाही, तो पहिल्या अंकापासून सगळं नाटक वाचतो. नट दिवसभर धान कापणारे, तालमी होणार किती? प्रॉम्प्टरने वाक्य टाकायचं, नटाने झेलायचं. एका वर्षी गावच्या मंडळाचा प्रॉम्प्टर तापाने पडला, आणि नवी नवरी असलेली मी, शाळेतली बाई, भराभर वाचते म्हणून मला विंगेत बसवलं. पहिल्याच नाटकापासून माझ्या डोक्यात हवा गेली. नाटक माझं आहे, राजा म्हणजे माझा भोंगा आहे, असं ही येडी समजत होती. राजपुत्र मेला आणि राजा रडायला थांबला, तर हिला वाटलं विसरला. दिलं वाक्य. तो गप्प. आणखी मोठ्याने दिलं. शेवटी पुढे बसलेल्या बाया ओरडल्या, "बोल ना गा राजा! बाई कवाची सांगून राहिली तुले!" मांडव हसला. मेलेला राजपुत्रही हसला. राजा पुढच्या मंडईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

त्यानंतर मी एक शिकले. घेतलेला थांबा वेगळा आणि अटकल्याचा थांबा वेगळा. तो ओळखायचा पायावरून. ठरवून थांबलेल्या नटाचे पाय स्थिर असतात. अटकलेल्याच्या पायाची बोटं वळतात.

आमच्या सैपाकखोलीचा पडदा आखूड आहे. नातीचे पाय मला स्वच्छ दिसत होते.

मोबाइलवर एक मॅडम होत्या, एक सर होते. धडा सुरू झाला. आवाज थोडा कापत होता, पण निघत होता. प्लॅन झाला, प्रॉमिस झालं, टाइम आणि पेशन्सही पार पडले. मी पदराचं टोक दातात धरून बसले होते. मग मॅडमनी इंग्रजीत विचारलं, "हे सगळं पुस्तकातलं झालं. तुमच्या गावच्या मुलांच्या रोजच्या जगण्यातलं एक उदाहरण द्या."

नात बोलेना.

पंख्याची कुरकूर ऐकू येत होती. चुलीवर भाताला कढ आला होता, झाकण थडथडायला लागलं, पण उठून काढायची माझी हिंमत होईना. मी तिच्या पायांकडे पाहिलं. अंगठा वळला. मग बाकीची बोटं. जमिनीला धरून ठेवावं तशी वळली. मला मामाचं दुकान दिसलं, काचेच्या मागे बसलेली ही दिसली. पदर तोंडातून कधी सुटला ते कळलं नाही.

"द विश टू फिश, बट नो परमिशन टू फिश!"

मांडवातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जावा म्हणून कमावलेला आवाज तो. मोबाइलची काय कथा.

"हू इज दॅट?" मॅडमचा आवाज कोरडा झाला. "इज समबडी हेल्पिंग यू?"

गप्पच बसायचं की नाही? पण नाही. मी हळूच म्हटलं, "टीव्ही आहे म्हण."

तेही पलीकडे ऐकू गेलं.

पडदा असा ओढला गेला की वरची दोरीच तुटली. समोर नात, लालबुंद. "आजी! तुले सांगतलं होतं ना! काहून बोलली तू? मी आठवून राहिली होती ना! कधी आठवूच नाई देत तू मले!"

मी तिथे पडदा अंगावर घेऊन बसलेली.

ती तशीच फणकाऱ्याने मोबाइलकडे वळली. "सॉरी मॅडम. दिस इज माय ग्रँडमदर. शी हॅड अ प्रॉमिस टू कीप, बट नो पॉवर टू कीप इट." आणि थांबली नाही. आमच्या गावच्या पोरांकडे पोहायला तलाव आहे आणि ओरडायला आई आहे: अ टँक टू स्विम इन अँड अ मदर टू शाउट. एकामागून एक निघायला लागलं. आवाज कापत नव्हता. रागात कापायला फुरसत नव्हती.

सर हसले. मॅडम नाही हसल्या. त्या म्हणाल्या, "हे मी धरू शकत नाही. सोमवारी शाळेत या. खऱ्या वर्गावर शिकवा. अलोन." आणि पुन्हा एकदा, "अलोन."

सोमवारपर्यंत नात माझ्याशी बोलली नाही. भात करपला होता, तोही मुकाट खाल्ला. मी सूप समोर ठेवून विद्यार्थी व्हायला बसले, तर सूप उचलून आत घेऊन गेली. बससाठी निघताना मी म्हटलं, "शाळेच्या फाटकापाशी उभी राहतो वो मी नुसती. आत नाई येत." तिने एकदा पाहिलं. मी चप्पल काढून ठेवली.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. बोटं वळत असतील, या एकाच विचाराने वरण दोनदा खारट केलं.

ऊन उतरल्यावर ती आली. पाणी प्याली. म्हणाली, "पयल्या तारखेपासून ये म्हणले."

मी खाटेवर बसूनच राहिले. मग विचारलं, "अटकली नाई ना?"

"अटकली ना. मधातच."

"अन् मंग?"

"मंग काई नाई. उभी रायली. पोट्टे पाहून रायले माह्याकडे. एकाने विचारलं, मॅडम, भुलल्या का? मी म्हटलं, हाव, थांबा थोडं. थांबले पोट्टे. मंग आठवलं."

"काय आठवलं?"

तिने तांब्या पालथा घातला. "तुले कायले सांगू? पाठ करून ठेवशीन."