तिला काही सापडलं नाही

आमच्या गावातल्या फ्लेक्सवाल्याला वाढदिवसाचीच भाषा येते. त्यामुळे माझ्या मुलीच्या शोकसभेच्या फ्लेक्सवर 'नव्या शक्तीचा शोध लावणारी नेरची सुकन्या' असं आलं, आणि सभेच्या अध्यक्षांचा फोटो तिच्या फोटोपेक्षा मोठा आला. ती बंगळूरला संशोधन करायची. तिथंच डेंग्यूनं वारली.

मी इथल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, म्हणून तिचं काम मला थोडंफार कळायचं. दोन वस्तू केसाच्या जाडीहून कितीतरी जवळ आणल्या, तर गुरुत्वाकर्षण नेहमीच्याच नियमानं वागतं का, एवढाच तिचा प्रश्न होता. अडचण अशी की, इतक्या जवळ मधली निर्वात पोकळीच वस्तूंना एकमेकींकडे ओढते, आणि त्या ओढीपुढे गुरुत्वाकर्षणाचा पत्ता लागत नाही. म्हणून तिनं सोन्याच्या आणि सिलिकॉनच्या पट्ट्या शेजारी-शेजारी बसवल्या आणि दोन्हींवर सोन्याचा एकच पातळ थर चढवला. पोकळीची ओढ वरच्या सोन्यापाशीच थांबते, म्हणून ती दोन्हीकडे सारखी. गुरुत्वाकर्षण मात्र खालच्या जड-हलक्यापर्यंत पोचतं. तेव्हा वरून फिरणारी बारीक गोळी एका पट्टीकडे नियमापेक्षा जास्त ओढली गेली, तर काहीतरी नवं सापडलं.

वर्षानुवर्षं मोजूनही तसं झालं नाही. मग एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, काहीच नाही सापडलं!"

तिच्या आईनं भाजी चिरता चिरता मला विचारलं, "हासून राह्यली का रडून राह्यली ते?"

"हासून."

"काहून? इतके वर्षं रिकाम्या घराले पहारा देला म्हणून?"

"आई, रिकामं हाये हेच तं कोणाले माहीत नव्हतं!" पोरगी तिकडून ओरडली.

सभेला निघताना बायको म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका. शोध लावला म्हणतात तं म्हणू द्या. तेवढं तरी राहू द्या तिले."

मी मान डोलावली. मंगल कार्यालयात बायका मागे, पुरुष पुढे. वक्त्यागणिक तिचा शोध वाढत गेला. अध्यक्षांपर्यंत येता येता तिनं गुरुत्वाकर्षणाला हरवलं होतं, आणि नेरला वीज फुकट मिळणं तेवढं बाकी होतं. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे लोक विसरले, आणि मला वाटलं, या टाळ्या दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलीला चालल्यात. माझी इथं कुठंच नाही.

आभाराला मी उठलो. "माझ्या मुलीला काही सापडलं नाही," मी म्हणालो. "तिनं शोधलं तिथवर, तिच्या यंत्राला कळेल तिथवर, नवं काही नाही. एवढंच तिनं सिद्ध केलं. ते खरं आहे." अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवून माईक हलकेच काढून घेतला. "सर दुःखात आहेत," ते लोकांना म्हणाले.

घरी आल्यावर बायकोनं चहा केला नाही, की दिवा लावला नाही. मी तिची माफी मागायला शब्द जुळवत बसलो.

"तिनं नीट पाह्यलं होतं नं?" तिनं विचारलं.

"तिच्याइतकं नीट क्वचितच कोणी पाहिलं असेल."

ती पदरानं डोळे पुसून म्हणाली, "जोरानं सांगाले पाह्यजे होतं. मागं बायकाइले ऐकूच नाही आलं."