बिनपट्टीची बाटली

"बाटली खालच्या पायरीवर ठेव अन् मांगं सरक."

कंपाउंडर दवाखान्याच्या दारातून बोलला. मी बाटली ठेवली, मागे सरकले. त्याने उभ्यानेच वरून औषध ओतलं. बरंचसं पायरीवर सांडलं. ओट्यावरच्या बायांनी पदर आवरून घेतले. आम्ही महार, आमच्या बाटलीवरून ओघळलेल्या औषधाचाही त्यांना विटाळ.

माझी ठमी कडेवर होती. दोन वर्षांची. हगवणीने डोळे खोल गेलेले. डॉक्टरांनी तिला आतून, खुर्चीवरूनच पाहिलं होतं. पोटाला हात लावला नाही.

मी कंपाउंडरला विचारलं, "सायेब, एका येळेले कितीक पाजू?"

"अंदाजानं देजो. तुमचे लेकरं काय मापानं जेवतात?"

बाया हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून शरम वाटते.

घरी येऊन मी अंदाज केला. पहिल्या घोटानेच हगवण थांबली. देव पावला म्हटलं, अन् लवकर बरी व्हावी म्हणून आणखी पाजलं. ठमी झोपली. तिला सासूजवळ ठेवून मी कापसाच्या जिनात कामाला गेले. परत आले तर ती तशीच पडलेली. ओठ निळे. हाका मारल्या, हलवलं. तिने डोळे उघडलेच नाहीत.

तिला उचलून, बाटली घेऊन मी दवाखान्यात पळाले. डॉक्टर दारापर्यंत आले, बाटलीत उरलेलं औषध लांबूनच पाहिलं.

"यात अफू असते. औषध बरोबर होतं, पाजणारी अडाणी. आईनेच असं केल्यावर आम्ही काय करणार?"

मी मान खाली घातली. मला ते खरंच वाटलं. नांदुऱ्याच्या त्या दवाखान्यातून मेलेलं लेकरू घेऊन येताना मी स्वतःलाच शिव्या देत होते. पुढे मुलगा झाला. त्याला घास भरवायला माझा हात धजायचा नाही. सासूच भरवायची.

मग एकदा अडत्याच्या अंगणात झाडताना औषधाची रिकामी बाटली सापडली. तिला कागदाची पट्टी चिकटवलेली, पट्टीला खाचा कापलेल्या. अशा पट्ट्या मी दवाखान्यात दुसऱ्यांच्या बाटल्यांवर पाहिल्या होत्या. मोठ्या लोकांचा नखरा समजत होते. मालकीणबाईला विचारलं, "या खाचा कायच्या वो?"

"एका खाचेइतकं एका येळेले प्यायचं. एवढंई माहीत नाही तुले?"

मी झाडू टाकून तिथेच बसले. पट्टी चिकटवायची तर बाटली हातात धरावी लागते. अंगठ्याने दाबावी लागते. माझी बाटली कोणी हातात धरली नव्हती. एवढ्यासाठी माझी ठमी गेली.

त्याच हिवाळ्यात मुलाला खोकला झाला. मी त्याच दवाखान्यात गेले अन् बाटली आत टेबलावर ठेवली.

"टेबल बाटवलं! उचल ते!" कंपाउंडर ओरडला.

"पट्टी लाव."

त्याने एक पट्टी माझ्या अंगावर फेकली. "घे, तूच लाव."

"तूच लाव. अंगठ्यानं दाब."

डॉक्टर आतून शिव्या देऊ लागले. मी पोराला मांडीवर घेतलं अन् दारात आडवी बसले. आत जायचं तर मला शिवूनच जावं लागणार होतं. कोणी पुढे येईना. मला उठवायचं तरी हात लावावा लागणार, तेही कोणी करेना. बाहेर गर्दी वाढली, लोक डॉक्टरांच्याच नावाने ओरडू लागले. शेवटी कंपाउंडरने बाटली उचलली. औषध भरलं. पट्टी लावली. अंगठ्याने दाबली.

पोरगा बरा झाला. ठमीला पाजणारा हात माझाच होता. ते माझ्यासोबत मातीत जाईल, दुसऱ्यावर ढकलणार नाही. पण त्यांच्या वाट्याचं पाप मी आता वाहणार नाही. आमच्या वस्तीत कोणीही आजारी पडलं की बाटली घेऊन मीच जाते, अन् पट्टी लागेपर्यंत दारातून उठत नाही.