साडूची सेलरी

देवानं काही माणसं दुसऱ्याला जळवण्यासाठीच घडवलेली असतात, आणि त्यांतला अव्वल नग माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. परतुरात आमची घरं एकाच गल्लीत. झाडांच्या बाबतीत गल्लीत माझा शब्द चालायचा. साडू शाळेतून निवृत्त झाले आणि तो मान गेला. गड्यानं आमच्या उन्हात चक्क सेलरी लावली! थंड हवेची, सदा तहानलेली ही भाजी. दिसायला दांडगी कोथिंबीर, वासाला ओव्याची बहीण. बायकोच्या तोंडात शब्द बसेना. तिनं गल्लीभर सांगितलं, "दाजीला रिटायर होऊनबी घरी सॅलरी चालू झाली," आणि दोघंजण वशिला कुठला म्हणून खरंच विचारून गेले.

साडू रोज सकाळी कुंड्यांची हजेरी घेत. "सात नंबर, मान वर." ऊन सरकलं की कुंड्या उचलून सावलीत. दांडे कोवळे, पांढरे राहावेत म्हणून त्यांना वर्तमानपत्राचे सदरे. स्वतःचा सदरा मात्र खांद्यावर उसवलेला. एकदा ते दांडे आमच्या वरणात पडले. बायको म्हणाली, "दाजीच्या हाताला गुण हाय." माझ्या कढीपत्त्याला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या पोटात दुखायला लागलं, ते लागलंच.

मी गुपचूप बी आणलं आणि सरकीसारखं दोन बोटं खोल पेरलं. महिना गेला, नुसती माती. पुन्हा पेरलं, पुन्हा तेच. साडूंनी एकदा विचारलं, "साडूभाऊ, त्या कुंडीत काय लावून राह्यलात?"

"काही न्हाई," मी म्हणालो.

मंग एका सकाळी कुंडीत चार रोपं! मी अनवाणीच त्यांच्याकडं पळालो. ते आले, वाकून पाहिलं. "बिलकुल जोरात आलीत. बी कसं टाकलं, मला सांगा बराबर." मी अर्धा तास त्यांना शिकवलं. ते मान हलवत ऐकत राहिले.

दुपारी बायको सहज म्हणाली, "काल तुम्ही बाजारात गेल्ता, तव्हा दाजी आल्ते. खुरपं मागितलं."

सेलरीचं बी मातीवर नुसतं भुरभुरायचं असतं, गाडलं की उगवत नाही, हे मला पुढं कळलं. त्यांना ते त्या दिवशीही ठाऊक होतं.

आता कुणी पाहुणा आला की ते मलाच पुढं करतात, "सेलरीचं यांना विचारा." हेवा अजून वाटतो, पण त्यांच्या भाजीचा नाही. मला त्यांच्यासारखं होता आलं नाही, आणि हे त्यांना सांगायचंही राहून जातं.