माशीची जात ओळखणारी गंगव्वा अक्का

ताटावर माशी बसली की आपण हाकलतो. गंगव्वा अक्का आधी तिची जात ओळखायची आणि मगच हाकलायची. तिच्या खाणावळीतलं माझं पहिलं जेवण मला त्यामुळेच आठवतं. कडक भाकरीचा तुकडा मोडला, शेंगाच्या चटणीवर तेल घेतलं आणि घास तोंडाशी नेतो तोच एक माशी ताटाच्या काठावर येऊन बसली. मी हात उचलला. "हलू नको तम्मा," अक्का म्हणाली. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं ती आम्हा सगळ्यांनाच तम्मा म्हणायची. हातातली भाकऱ्यांची टोपली खाली ठेवून ती वाकली आणि डोळे बारीक करून पाहत राहिली. "गोठ्यातली हाय. मान वर करून बसलीया बघ, ऐट बघ तिची. चावती ही. म्हशीच्या बाजूनं आलास व्हय?" मी त्याच बाजूनं आलो होतो. भुकेनं जीव चालला होता आणि ही बाई माशीचं कूळ विचारत बसली होती.

हे तीस सालच्या मार्शल लॉच्या आधीचं सोलापूर. मी करमाळ्याहून येऊन एका गिरणीच्या हापिसात कारकून म्हणून चिकटलो होतो. आम्हा सड्याफटिंगांना शुक्रवार पेठेत अक्काचा आधार. अक्का लिंगायत, माहेर अक्कलकोटच्याही खाली, त्यामुळे राग आला की कानडी आणि माया आली की मराठी. दोन्ही दिवसातून बऱ्याचदा येत. नवरा लवकर गेला, तेव्हा तिनं भावाच्या दारात जाऊन बसण्याऐवजी खाणावळ काढली. येईल त्याला वाढायची. जात फक्त माशीची विचारायची.

"माशी उगं येत न्हाय. कुनीतरी बोलावलेली असती," हे तिचं ठरलेलं वाक्य. करडी, पाठीवर रेघा असलेली घरमाशी दिसली की तिचं म्हणणं, उकिरडा आठवडाभर कुणी उचललेला नाही, शेणात अळ्या झाल्या. बारीक चिलटं दिसली की कुठंतरी केळं नाहीतर पेरू सडतोय. तिच्या घरात खरकटं क्षणभर उघडं राहत नसे. पुरायचं, वर राख टाकायची. मोरीत चुना, संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर. त्या धुरात आम्ही खोकत जेवायचो, आणि माश्यांआधी आम्हीच पळून जाऊ असं मला वाटे.

हे ज्ञान तिनं स्वतःपुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण ती दुसऱ्याच्या घरी हळदीकुंकवाला गेली तरी भिंतीकडेच बघायची. श्रावणातल्या एका सोमवारी समोरच्या मुकादमाच्या ओट्यावर तिला हिरवी, चकचकीत माशी दिसली. "ही मटनावरची," अक्का तिथल्या तिथं म्हणाली, "हाडकं कुटं टाकलीत?" मुकादमानं श्रावण पाळायची शपथ घेतली होती. त्याची बायको त्याच दिवशी माहेरी गेली. तेव्हापासून अख्ख्या पेठेला पाठ झालं, की हिरवी माशी म्हणजे मटण.

अक्काची एकच इच्छा होती. मठाच्या स्वामींची पाद्यपूजा आपल्या घरी व्हावी, त्यांचे पाय धुवावेत आणि आपल्या हातची भाकरी त्यांनी खावी. लिंगायताच्या घरी यापरता मान नाही. पण शेजारचे सिद्रामप्पा आडवे येत. सुताचे मोठे व्यापारी, कपाळावर विभूतीचे रुंद पट्टे, समाजात त्यांचा शब्द शेवटचा. "पैसे घेऊन कुणालाही वाढती ती. तिथं काय शिजतंय, काय न्हाय, कुनी बघितलंय?" असं ते चारचौघांत म्हणत. अक्का ऐकायची आणि त्या दिवशी भाकऱ्या जरा जास्तच जोरात थापायची. एका वर्षी मात्र स्वामींनी स्वतःहूनच होकार कळवला. सिद्रामप्पांचा इलाज चालेना. अक्कानं भिंती पोतारल्या, भांडी चिंचेनं घासली, आम्हाला पाय धुतल्याशिवाय आत घेईना.

आणि पूजा तोंडावर आली असताना स्वयंपाकघराच्या खिडकीत हिरव्या माश्या दिसायला लागल्या.

एक नाही, थवेच्या थवे. अक्का चुलीपुढं मटकन बसली. पेठेला माशी वाचायला तिनंच शिकवलं होतं, आता पेठेनं तिचंच घर वाचलं. "शेवटी खरं भाईर आलंच," सिद्रामप्पा ओट्यावरून म्हणाले, "स्वामींच्या कानावर घालावं लागंल." पंगतीतली निम्मी पानं कमी झाली. मला अक्काकडं बघवेना.

तिनं आधी आम्हालाच धरलं. नातेपुत्याचा माने गावी मटण खाणारा, म्हणून पहिली पाळी त्याची. "ट्रंक उघड." माने संतापला. "अक्का, गावाकडं खातो, हितं न्हाय. तुमच्या दारात खाल्लं तर माझ्या आईला काय तोंड दाखवू?" तरी तिनं ट्रंक उघडायला लावली. आत दोन धोतरं, एक आरसा आणि मारुतीची तसबीर. माने ट्रंक डोक्यावर घेऊन निघूनच चालला होता, मी कसाबसा थोपवला.

मग अक्कानं डोकं चालवलं. वाटीखाली माश्या धरल्या, त्यांच्यावर ज्वारीचं पीठ भुरभुरलं आणि भर दुपारी अंगणात सोडून दिल्या. "पांढऱ्या कुटं जात्यात बघा." गिरणीतले चार कारकून रविवारची झोप सोडून, माना वर करून, पीठ लागलेल्या माश्यांमागं धावतायत, असं ते दृश्य. माने तर गटारात गेला. शेवटी दोन माश्या मागच्या भिंतीवरून पलीकडं गेल्या. बाकीचे मानेला बाहेर काढण्यात गुंतले, तेवढ्यात अक्का दगडावर चढली आणि मी तिच्या शेजारी.

पलीकडं सिद्रामप्पांचा गोठा. गोठ्यामागं तीन दगडांची चूल, चुलीवर मडकं आणि मडक्यापुढं उकिडवे बसून फुंकणी फुंकणारे खुद्द सिद्रामप्पा. विभूतीचे पट्टे घामानं ओघळले होते. शेजारच्या खड्ड्यात बकऱ्याच्या पायांच्या नळ्या आणि त्यांवर हिरव्या माश्यांची जत्रा. म्हाताऱ्यानं वर पाहिलं. फुंकणी टाकून तो धोतराच्या सोग्यानं मडकं झाकायला गेला.

"हकीमानं सांगितलं," ते कसंबसं म्हणाले. "पायात ताकद न्हाय. जिना चढवत न्हाय. पायाचं सूप घ्या म्हनला. गंगव्वा, सुनंला ठाऊक न्हाय."

अक्का मडक्याकडं बघतच नव्हती. ती खड्ड्याकडं बघत होती. "माती टाकली न्हाय?"

"टाकली की. थोडी."

"थोडी!" अक्का कडाडली. "काय प्यायचं ते प्या, तोंड तुमचं हाय. पन हातभर माती नको व्हय? चुना नको? असं उघडं टाकल्यावर माशी न्हाय येनार तर काय बेलाची पानं येनार?" असं म्हणून ती तुरुतुरु घरात गेली, चुन्याचं घमेलं घेऊन आली आणि ते भिंतीवरून म्हाताऱ्याच्या हातात दिलं. तिनं समोर उभं राहून खड्डा बुजवून घेतला. समाजाचा पुढारी मुकाट्यानं माती ओढत होता.

तिनं तिथून नुसती एक हाक मारली असती तरी तिचं नाव धुऊन निघालं असतं आणि त्याचं कायमचं बुडालं असतं. माझी जीभ तर वळवळत होती. अंगणात सगळे वाट पाहत होते. अक्का पदरानं हात पुसत म्हणाली, "कावळा मेलता. भिंतीमागं. पुरला." तिनं उंदीर म्हटलं नाही हे नशीब, नाहीतर प्लेग आला म्हणून अख्खी पेठ रानात झोपड्या बांधायला निघाली असती. "कावळाच का?" मानेनं विचारलं. कपडे गटाराचे, त्याचा आवाज अजून फुरंगटलेला. अक्कानं त्याच्यापुढं हात जोडले. "तुझी ट्रंक उघडली ते चुकलं माझं, तम्मा." त्या रात्री मानेच्या ताटात तुपानं भिजलेल्या होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, पडल्या, आणि त्याला दुसरं काही विचारायचं सुचलं नाही.

पाद्यपूजा झाली. स्वामींच्या शेजारी सिद्रामप्पा बसले आणि घाबरलेला माणूस जसा जास्त बोलतो तसे बोलत राहिले. चटणी काय, झुणका काय, असा स्वच्छपणा सोलापुरात दुसरीकडं नाही, मीठसुद्धा वेगळंच लागतं. शेवटी स्वामीच म्हणाले, "जेवा आता." पाय धुताना अक्कानं तांब्या असा कलंडवला की निम्मं पाणी माझ्या धोतरावर आलं. त्यांनी दुसरी भाकरी मागितली तेव्हा ती आत पळाली आणि भाकरी आणायच्या आधी खांबाला धरून रडून घेतली. मी पाहिलं.

त्यानंतर सिद्रामप्पांची शिक्षा सुरू झाली. अक्का रोज सकाळी भिंतीवरून त्यांना हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं द्यायची. "ह्यातबी ताकद असती. प्या." त्यांना ते मुळीच आवडत नसे. तांब्या रिकामा होईपर्यंत ती हलायची नाही. एवढा मोठा व्यापारी, पण भिंतीपलीकडून अक्काची हाक आली की शाळा चुकवणाऱ्या पोरासारखा गोठ्यात दडायचा.

चारपाच वर्षांनी ते गेले. लिंगायतांच्या रिवाजानं समाधी दिली, म्हणजे पुरलं, तेव्हा अख्खी पेठ लोटली होती. त्यात सगळ्यांत जास्त रडली ती अक्का, आणि लोकांना त्याचं नवल वाटलं. घरी आल्यावर मी विचारलं, "अक्का, या माणसानं तुमची एवढी बदनामी केली. त्या दिवशी तुम्ही गप्प का बसलात?"

"माझं नाव मी परत मिळवलं असतं तम्मा. माझ्या हातात चूल हाय, ताकद हाय. म्हाताऱ्याचं गेलं असतं तर ते परत मिळवायला त्याला दिवस कुटं ऱ्हायलं होतं?" तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "शेवटी शेवटी माडगं उतरंना रे त्याला. पायाचं सूपच मागायचा. घरच्यांना कळलंच. सून करून द्यायची, पन वासानं पळून जायची. एकटा कसा पिनार? मग मी जाऊन बसायची. त्यो प्यायचा, आन् मी भिंतीकडं तोंड करून, नाकाला पदर लावून, त्याच्या वाटीवरच्या माश्या हाकायची."