डाव्या पायाचा जामीन

माझा धाकटा भाऊ कमरुद्दीन. सगळे त्याला कमरूच बोलायचे. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गाड्यांची सीट कव्हरं शिवायचा. त्याने शिवलेली सीट गाडी भंगारात गेली तरी उसवायची नाही. हे मी भाऊ म्हणून नाही, गॅरेजवाला म्हणून सांगतोय. त्याच गल्लीत माझं डेंटिंगचं गॅरेज. माझी शाळा सातवीपर्यंत, त्याची नववीपर्यंत. पण मोठमोठे डिग्रीवाले ठोकलेल्या गाड्या घेऊन माझ्याच दारात उभे राहायचे, त्यामुळे शाळेचं मला कोणी सांगू नये.

अठ्ठ्याण्णव साली आमच्या साखरबंदरच्या टीमने फुटबॉलचा कप जिंकला. तो कोणामुळे जिंकला यावर आजपण लोक मला वाट्टेल ते सांगतात. म्हणून हे लिहितोय. मी तिथे होतो.

आमच्या रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांची इथे सात-सात जणांची लीग चालायची. प्रत्येक गावाची एक टीम. गावची पोरं ती गावचीच, पण प्रत्येक टीमला बाहेरचा एक मेहमान खेळाडू घेता यायचा. सीझनच्या आधी एका शुक्रवारी सगळ्या बाहेरच्या पोरांना रेतीत खेळवायचे आणि मग कॅफेटेरियात बसून एकेका टीमने एकेक उचलायचा. मागच्या साली जी टीम शेवटची, तिला पहिला पिक. आता यातली खरी गोष्ट ऐका. जो माणूस हात वर करून पोरगा मागेल, तो त्या पोराचा जामीन. पोराला मॅचला हजर करायची जबाबदारी त्याची. कारण इथे कोणाचाही शुक्रवार त्याचा स्वतःचा नसतो. अरबाबने, म्हणजे मालकाने, फोन केला की खेळाडू चप्पल घालून चालला. मग टीम सहा जणांची.

कमरूला फुटबॉलचं वेड होतं. स्वतः तो कधी धड खेळला नाही, पण शुक्रवार उजाडला की मैदानाच्या कडेला उभा. आणि तोंड चालू.

"ग्रोसरीवाला घेऊ नका, शुक्रवारीच त्याचा धंदा. हाउस ड्रायव्हर तर बिलकुल नको, मॅडमला मॉलला जायचं असतं. व्हिजिट व्हिसावाला कितीपण भारी असो, सेमीफायनलच्या आधी त्याचं विमान. बँकेतला प्यून घ्या. शाळेच्या बसचा क्लीनर घ्या. इथे आधी ड्युटी बघायची, पाय नंतर."

गोलकीपरबद्दल बोलायचा, "उंची बघून घेऊ नका रे, कपाट घ्यायचंय का? रेतीत पडायला घाबरत नाही तो घ्या."

लोक हसायचे, पण पुढच्या शुक्रवारी हळूच येऊन विचारायचे, "कमरू, तो ताडपत्रीच्या दुकानातला कसा आहे?" दुसऱ्या गावाची टीमपण विचारायची. आमचीच टीम विचारायची नाही. कारण आमची टीम म्हणजे उमरशेठ. आमच्याच गावचा, बर दुबईत मीना बाजारला कापडाचं दुकान, बी.कॉम. जर्सी तो द्यायचा, म्हणून पिकपण तोच करायचा. कधी कुठल्या गिऱ्हाइकाचा मेहुणा, कधी नुसता दिसायला गोरागोमटा. आम्ही लागोपाठ शेवटचे येत होतो.

एकदा कमरूने त्याला भर मैदानात सुनावलं, "शेठ, पोरगी बघायला आलायत का?"

उमरशेठ हसून बोलला, "कमरू, तू सीट शिव. मॅच शिवू नको."

सगळे हसले. कमरूपण हसला. मला तेव्हाच शेठच्या कानाखाली द्यायची होती, पण कमरूने माझा हात धरला.

त्या वर्षी ट्रायलला एक पोरगा आला. देवदत्त नाव. कोल्हापूरचा. तिकडे गल्लीगल्लीत फुटबॉल, हे आम्हाला ऐकून माहीत. दुबईला सोनापूरच्या लेबर कॅम्पमध्ये राहायचा आणि आमच्याच एरियात बर्फाच्या फॅक्टरीत लोडिंगला होता. त्याच्याकडे बूट नव्हते, कामाचे सेफ्टी शूज घालून उतरला. बॉल डाव्या पायावर घेतला, एकाला चुकवला, दुसऱ्याला चुकवला, तिसरा आपोआपच रेतीत बसला. मी कमरूकडे बघितलं. कमरू गप्प. माझा भाऊ मैदानावर गप्प झालेला मी पहिल्यांदा बघितला.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी कॅफेटेरियात पिक. पहिला नंबर आमचा. उमरशेठने एका बँकेतल्या पोराचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात कमरू मागच्या टेबलावरून उठला.

"शेठ, कोल्हापूरवाला घ्या."

"बर्फाच्या फॅक्टरीतला?" उमरशेठ बोलला. "अरे, त्याची शुक्रवारी दुपारी ड्युटी असते. तूच बोलतोस ना, आधी ड्युटी बघा, पाय नंतर?"

"नियम माझा आहे शेठ. मोडायचा तर मीच मोडणार ना."

"मॅच सकाळी असतात म्हणून चालेल. पण फायनल दुपारी, असरच्या नमाजनंतर असते. तेव्हा काय करणार?"

"आधी फायनलला तर जाऊ. तीन वर्षं आपण फायनल कडेला बसून बघतोय."

आता बाकीच्या टीमचे लोक हसायला लागले आणि ते उमरशेठला झोंबलं. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "ठीक आहे. पोरगा तुझा. जामीन तू. पण एक मॅच जरी तो चुकला ना कमरू, तर या मैदानावर तुझं तोंड बंद. कोणाला घ्या, कोणाला नको, एक शब्द नाही. कायमचा."

मी बोललो, "शेठ, हे काय बोलणं झालं?"

कमरू बोलला, "मंजूर." आणि हात वर केला.

तुम्हाला वाटेल यात काय एवढं. पण माझ्या भावाची बायको यम्ना गावी, पोरं गावी, इथे एका खोलीत आठ माणसं, दिवसभर मशीनवर मान खाली. आठवड्यातून एकदाच चार लोक त्याला नाव घेऊन हाक मारायचे, 'कमरू, सांग ना.' तेवढंच त्याचं होतं. ते त्याने त्या पोराच्या डाव्या पायावर लावलं.

लीगच्या मॅच सकाळी, जुम्म्याच्या आधी. कमरू सकाळी सकाळी सोनापूरला माझी पिकअप घेऊन जायचा, देवदत्तला झोपेतून उठवायचा, खेळवायचा, आणि दुपारी फॅक्टरीत सोडायचा. गाडीत त्याला शिकवायचा. देवदत्त बोलायचा, "काका, खेळायचं मला शिकवू नगासा, नाष्टा तेवढा द्या." कमरू त्याला परोठा द्यायचा. पोरगा खेळला पण तसा. आम्ही एक एक करत फायनलला.

फायनल एप्रिलमध्ये. ऊन चढलेलं, बर्फाची मागणी वाढलेली. देवदत्त आदल्या दिवशी माझ्या गॅरेजवर आला, चेहरा पडलेला. "सुट्टी देत न्हाई त्यो. लई इनवलं."

फॅक्टरीचा फोरमन हमदुल्ला, पठाण माणूस. आम्ही तिघे त्याच्याकडे गेलो. मी माझ्या पद्धतीने बोललो, त्याची गाडी फुकट करून देतो बोललो. तो मान हलवत राहिला. "खैरूभाई, गाड़ी ठीक है मेरी। कल मछलीवालों की चालीस गाड़ियाँ आएँगी। आदमी ले जाओ, आदमी दे जाओ।"

"मी माझ्या गॅरेजचा माणूस पाठवतो," मी बोललो.

"जामीन तू आहेस का?" कमरू माझ्यावर ओरडला. मग हमदुल्लाला बोलला, "मैं आता हूँ।"

हमदुल्लाने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू उठाएगा?"

"उठाऊँगा।"

बाहेर आल्यावर मी त्याला बोललो, "कमरू, वेडा झालास का? तुझी फायनल आहे. तूच नाही बघणार?"

"तो खेळेल ना."

"आणि तू?"

"तू बघ. मला सगळं सांग. नीट बघ हां भाई, नुसता ओरडू नको."

शुक्रवारी मी मैदानावर आणि माझा भाऊ बर्फात. उमरशेठ पांढरा शर्ट घालून, मॅचची कॅसेट काढायला व्हिडिओवाला, त्याची बायको विभावरी मराठी मंडळाची सेक्रेटरी होती, तीपण आलेली. सगळे आलेले. देवदत्तने दोन गोल मारले आणि आम्ही जिंकलो. एवढंच मला नीट आठवतं. मी ज्याला-त्याला मिठी मारत होतो.

अंधार पडल्यावर, मगरिबनंतर फॅक्टरीवर गेलो. कमरू गेटजवळ गोणपाटावर बसलेला, एका पायातला बूट काढून. बर्फाची लादी हुकवरून सटकली आणि पायावर पडली होती. पायाची दोन बोटं मोडलेली, हे नंतर कळलं. हमदुल्लाने त्याला बसायला सांगितलं होतं, पण तो बसला नाही, ड्युटी पूर्ण केली. आणि सुई धरणारे हात बर्फाने सोलून निघालेले. बघवत नव्हते.

"किती?" त्याने विचारलं.

"दोन-शून्य. दोन्ही त्याचे!"

"कुठल्या पायाने?"

"पहिला डाव्या. दुसरा... मला वाटतं डोक्याने."

"वाटतं? तू तिथे होतास ना भाई?"

मी त्याला उचलून गाडीत बसवलं.

पुढच्या गुरुवारी शारजात हॉल घेऊन जेवण ठेवलं. कमरू पायाला पट्टी बांधून मागच्या खुर्चीवर. उमरशेठने माईक घेतला. स्पॉन्सरचे आभार, पाहुण्यांचे आभार. मग बोलला, "लोक विचारतात, उमरभाई, हा हिरा तुम्हाला कुठे सापडला? मी म्हणतो, सिलेक्शनला नजर पाहिजे. धंदा करणाऱ्याला माणूस ओळखता येतो." टाळ्या. आणि पुढे बोलला, देवदत्तला तो स्वतःच्या दुकानात घेतोय. व्हिसा पण तोच करणार. अजून टाळ्या.

देवदत्तला माईक दिला. पोरगा घामाघूम. "शेठनी मला उचललं. त्यांचे उपकार हायत." बस. दुसरं नाव नाही.

मी उभा राहिलो. मी काही भाषणवाला नाही, पण माझा आवाज गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरच्या वरून जातो. "शेठ, हात कोणी वर केला होता ते सांगा. आणि फायनलला याच्या ड्युटीवर बर्फ कोणी उचलला तेपण सांगा."

उमरशेठला एक मिनिटपण लागलं नाही. "अरे खैरू, टीम एकच ना? तुझं-माझं काय करायचं? बस हबीबी, बिर्याणी थंड होतेय."

सगळे हसले. तीच माणसं, जी कमरूला शुक्रवारी येऊन विचारायची. कमरूने माझा शर्ट ओढला. "भाई, खाली बस. लोक जेवायला आलेत."

हात धुवायला गेलो तिथे देवदत्त आला. "काका, राग धरू नगासा. व्हिसाचा सवाल हाय. घरी आई एकलीच हाय माझी."

"बरोबर केलंस," कमरू बोलला. "मी असतो तर मीपण हेच केलं असतं."

खोटं. माझ्या भावाने हे केलं नसतं. आमच्या आईने, हव्वाबीने, आम्हाला असं वाढवलं नाही. पण तो बोलला आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवला. मी नाही ठेवला.

उमरशेठ नंतर दोनदा बोलला, "कमरू, मॅचची कॅसेट माझ्या घरी आहे, ये बघायला." कमरू हो-हो बोलायचा. गेला कधीच नाही. मी कॅसेटची कॉपी मागून आणतो बोललो, तर बोलला, "कशाला भाई, रिझल्ट माहीत आहे."

शर्तीप्रमाणे तो जिंकला होता. पोरगा एकपण मॅच चुकला नव्हता. कमरूचं तोंड बंद करायचा हक्क कोणालाच नव्हता. पुढच्या वर्षी ट्रायल झाली, तो माझ्याबरोबर आला, मैदानाच्या कडेला उभा राहिला. लोक जवळ येत होते. "कमरू, त्या निळ्या शर्टवाल्याचं काय?" तो बोलायचा, "चांगला आहे." "आणि तो?" "तोपण चांगला आहे."

पिकच्या संध्याकाळी कॅफेटेरियात उमरशेठने स्वतः खुर्ची मागे वळवली. सगळ्यांसमोर. "बोल कमरू. या वेळी ऐकतो तुझं. कोणाला घेऊ?"

मी भावाला ओळखतो. ट्रायलमध्ये त्याची नजर एका लांबट पोरावर थांबली होती, शाळेच्या बसवर क्लीनर होता तो. दोन वेळा थांबली होती. मी बघितलं होतं.

कमरूने चहा संपवला. "तुमची टीम आहे शेठ. तुम्हीच बघा."

उमरशेठने निळ्या शर्टवाला घेतला. लांबट पोरगा समोरच्या गावाला गेला.

परतताना गाडीत मी विचारलं, "तो बसवाला होता ना तुझ्या मनात?"

तो खिडकीबाहेर बघत होता. बोलला, "भाई, सिग्नल लाल आहे, बघून चालव."

त्या साली आम्ही पहिल्या राउंडलाच बाहेर गेलो. बसच्या क्लीनरने आम्हाला तीन गोल मारले. मला अजिबात वाईट वाटलं नाही.