आबांच्या कानातला हीना

पाचोऱ्याच्या एका दवाखान्यात सुलक्षणा रोग्यांच्या आजारांचे कोड संगणकात भरते. 'कानाचा आजार, नेमका कळला नाही' असाही एक कोड त्यात आहे. तो वापरायची तिला लाज वाटते. तीन वर्षांत तिनं तो एकदाही वापरलेला नाही.

परवा गर्दीत डॉक्टरांनी भाईदास आबांच्या कागदावर नुसतं 'कानाचा आजार' लिहिलं. आबांचा उजवा कान पंधरा दिवसांपासून बंद होता. चौकशी करायला सुलक्षणा त्यांच्याजवळ वाकली, तर औषधांच्या उग्र वासातून हीना अत्तराचा मंद सुवास आला.

"आबा, लगीन कोनं व्हतं?" तिनं डाव्या कानात विचारलं.

"साडूना पोऱ्यानं."

मांडवात मिळालेला अत्तराचा फाया आबांनी रिवाजाप्रमाणे कानात खोचला होता आणि विसरले होते. डॉक्टरांनी तो चिमट्यानं काढला. सुलक्षणानं ऐटीत कोड भरला: उजव्या कानात अडकलेली वस्तू.

बाहेर बाकावर बसलेल्या बायकोकडे पाहत आबा कुजबुजले, "बेटी, आजार कळना नही असंच लिख. पंधरा दिन व्हयनात, तानुबाई माले एक बी काम सांगत नही."

"कोड बदलाव नही, आबा. पन कागद इंग्रजीमा शे, अन् तानुअक्काले इंग्रजी येत नही."